अण्णांची कुंडी

सोमवार, १९ मे

काल इथे पोचल्या पोचल्या जी नोंद लिहिली, तिच्यात एक चूक झाली आहे. ती आधी दुरुस्त करते. काचघरात अकरा फळ्या आहेत असं मी लिहिलं. बारा आहेत. बारावी दारामागे आहे. दार उघडं असलं की ती झाकली जाते, आणि काल मी आत शिरले तेव्हा दार उघडंच होतं.

आजोबांनी मला दहाव्या वर्षापर्यंत घरीच शिकवलं. त्यांच्याकडे खोडरबर मिळत नसे. वहीत चुकलं तर खोडायचं नाही, पान फाडायचं नाही, खाली तारीख घालून दुरुस्ती लिहायची. ती सवय अंगात मुरली आहे.

बाकी कालचं सगळं बरोबर आहे. मी खूश आहे, हेही बरोबर आहे. काकू फाटकापर्यंत घ्यायला आल्या. दोन्ही हात मनगटापर्यंत मातीने भरलेले, म्हणून माझी पिशवी कोपरात अडकवून चालू लागल्या आणि घर येईपर्यंत माझं जेवण, झोप, घरची माणसं आणि पायातली चप्पल, सगळ्यांची चौकशी उरकून मोकळ्या झाल्या. त्या सक्युलंट वाढवून विकतात. फुगीर पानांची, तळहातावर मावणारी रोपं. त्यांच्याकडे वर्षभर राहून मी काम शिकायचं असं ठरलं आहे. काका दूर नोकरीला असतात, दोन-तीन महिन्यांनी येतात. एरवी घरात काकू आणि त्यांचे सासरे. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, म्हणून मीही.

अण्णा दिवसभर काचघराच्या दाराशी वेताच्या खुर्चीत बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची हजेरी घेतात. वहीत काय खरडतेस म्हणून विचारलं. दुरुस्ती करतेय, म्हटलं. तर म्हणाले, बरं झालं बाई, या खुर्चीचा एक पाय डुगडुगतोय, सवड झाली की तोही बघ. तेव्हापासून मी दुरुस्तीबाई.

माझी खोली वरच्या मजल्यावर आहे. एक पलंग, एक टेबल, एक खिडकी. खिडकीतून काचघराचं छप्पर दिसतं, दुपारी ते इतकं चमकतं की पडदा ओढावा लागतो.

बाराव्या फळीवर चारच कुंड्या आहेत. तीन कुंड्यांत एकाच जातीची रोपं आहेत. जाड तिकोनी पानांच्या रांगा एकावर एक चढत गेलेल्या, लहानसे मनोरे जणू. चौथीत नुसती कोरडी माती. काकू म्हणाल्या, ती घरची आहेत, त्यांचं पाणी माझं मी बघते, तू त्या फळीला हात लावायचा नाहीस. आवाज चढवला नाही, पण दोनदा सांगितलं.

गुरुवार, २२ मे

पान कसं काढायचं ते शिकले. ओढायचं नाही. चिमटीत धरून डावीकडे-उजवीकडे हलकेच डोलवायचं, म्हणजे ते बुडासकट सुटतं. बूड मागे राहिलं तर पान वाया गेलं. सुटलेलं पान तीन दिवस सावलीत ठेवायचं, जखम सुकू द्यायची, मग वाळू आणि कोळशाच्या चुऱ्यावर नुसतं टेकवायचं. काही दिवसांनी बुडाशी गुलाबी दोऱ्यासारखी मुळं फुटतात आणि मोहरीएवढं रोप दिसायला लागतं. जुनं पान आपल्यातलं पाणी त्याला देत देत सुकून जातं.

एकतीस पानांपैकी नऊ मी मोडली. काकूंना आकडा सांगितला तर त्या हसल्याच. म्हणाल्या, आतापर्यंत शिकायला आलेली प्रत्येक मुलगी पहिल्या दिवशी एकही मोडलं नाही असंच सांगत आली, तू पहिलीच निघालीस. मला इतका आनंद झाला की जिना चढताना पायरी चुकले.

काकू सांगतात, की त्यांच्या हातून आजवर जेवढी रोपं गेली ती जास्त पाण्याने गेली, तहानेने एकही नाही. उन्हाळ्यात काही जाती झोपतात. पानं सुरकुततात, रोप केविलवाणं दिसतं, पण ते मजेत असतं. तेव्हा पाणी घातलं की मुळं ते पीत नाहीत, त्यातच सडतात. सड खालून चढते आणि शेंडा शेवटपर्यंत ताजा दिसतो. ती दिसली की दिवस घालवायचा नाही. वर जिथे दांडा आतून पांढरास्वच्छ आहे तिथे कापायचं, शेंडा सुकवायचा, पुन्हा रुजवायचा. कापल्या जागी तपकिरी ठिपका दिसला तर अजून वर कापायचं. काकूंनी पातं हातात घेऊन दाखवलं तेव्हा अण्णा दारातून म्हणाले, सूनबाईंनी ते पातं काढलं की मी सदऱ्याची कॉलर वर करून बसतो.

मंगळवार, २७ मे

काकू कालपासून प्रदर्शनाला बाहेरगावी गेल्या आहेत, शुक्रवारी संध्याकाळी येतील. घर माझ्यावर आहे. अण्णांना साखरेच्या गोळ्या वेळेवर दिल्या. आठव्या फळीवर पांढरी कीड दिसली, ती स्पिरिटच्या बोळ्याने पुसली. पाणी तिसऱ्या आणि सातव्या फळीला, ठरल्याप्रमाणे. बाकी कशालाही हात लावला नाही.

शनिवार, ३१ मे

दुरुस्ती. २७ तारखेच्या नोंदीतलं शेवटचं वाक्य खरं नाही. लिहितानाच ते खरं नव्हतं.

मी बाराव्या फळीवरच्या पहिल्या कुंडीला पाणी घातलं होतं. कुंडीला पत्र्याची पट्टी आहे, तिच्यावर खिळ्याने ‘अ’ कोरलेला. तिचं रोप बाकी दोन रोपांपेक्षा जास्त सुरकुतलं होतं. खालची पानं म्हाताऱ्या माणसाच्या बोटांसारखी दिसत होती. काकूंनी शिकवलेलं मला पाठ होतं. तरी वाटलं, एक पेलाभर पाण्याने काय होणार आहे. कोणी बघत नव्हतं, आणि मला वाटलं मी दया करते आहे. बुधवारी पुन्हा एक पेला घातला, कारण पहिल्याने फरक पडला नव्हता.

काल सकाळी सगळ्यात खालची रांग काचेसारखी पारदर्शक झाली होती. बोट लावलं तर आत गेलं.

त्यानंतर मी जे केलं ते लिहायला हात उचलत नाही, पण लिहिते. पाचव्या फळीवर विक्रीसाठी त्याच जातीची रोपं आहेत. त्यांतलं उंचीला जुळणारं निवडलं. जुनं रोप उपटलं, त्याच कुंडीत त्याच पट्टीमागे नवं लावलं, वरची खडी होती तशी पसरली. एवढं नेटकं काम मी इथे आल्यापासून केलं नव्हतं.

जुनं टाकवलं नाही, त्याचा शेंडा हिरवागार होता. ते ओल्या मातीसकट कान तुटलेल्या चहाच्या मगात माझ्या खोलीत, पडद्यामागे आहे. अकरा रांगांपैकी दहा चांगल्या आहेत.

काकू आल्या, हात न धुता आधी त्या फळीपाशी गेल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, अण्णांचं रोप किती छान धरलंय. माझ्या पाठीवर हात ठेवला.

मंगळवार, ३ जून

काकूंना सांगायचं असं रोज सकाळी ठरवते.

आज अण्णांनी विचारलं, दुरुस्तीबाईंचं तोंड असं का झालंय, मास्तरांनी शाळेतून काढून टाकलं की काय. मी विषय बदलायला बाराव्या फळीबद्दल विचारलं. विचारायला नको होतं.

ते म्हणाले, या घरात जन्मून येवो की लग्न करून, माणूस आलं त्या दिवशी त्याच्या नावाने एक पान टेकवायचं, असा रिवाज आहे. तीन कुंड्या म्हणजे ते, काकू आणि काका. काकू नव्या नवरी असताना तापाने फणफणल्या, आठ दिवस उतार पडेना. अण्णांच्या पत्नीने कुंडी पाहिली तर बुडाशी तपकिरी. तिने शेंडा कापला, आणि दुसऱ्या दिवशी काकू उठून बसल्या आणि चहात साखर कमी आहे म्हणून कुरकुरल्या. चौथी कुंडी त्या पत्नीची. ती सगळ्यांच्या कुंड्या बघायची, तिची कोणी बघितली नाही. पातं मात्र फळी सांभाळणाऱ्या बाईनेच धरायचं, असं ती बजावायची. दुसऱ्या कोणी रोपाचं काही काढलं तर माणसाचंही तेवढं जातं.

मी विचारलं, तुमचा विश्वास आहे का. म्हणाले, चाळीस वर्षं पोस्टात शिक्के मारले, माझा कशावरच विश्वास नाही. पण त्या फळीपुढे मी शिंकत नाही.

बोलता बोलता ते डावा पाय चोळत होते. शनिवारपासून बधिर वाटतोय म्हणाले. मुंग्या चालल्यासारखं.

गुरुवार, ५ जून

नऊ रांगा उरल्या आहेत. माती कोरडी केली, खिडकीत वारा लागेल असं ठेवलं, कोळशाचा चुरा लावला. काही उपयोग नाही. सड एकदा आत शिरली की शिरली.

आज मी एका गिऱ्हाइकाला चुकीची जात सांगितली आणि मागे धावत फाटकापर्यंत जाऊन दुरुस्त केली. काकूंनी पाहिलं. जेवताना अण्णांना म्हणाल्या, अशी मुलगी शोधून सापडायची नाही, हिच्या तोंडून खोटं निघतच नाही. अण्णा म्हणाले, निघालं तरी खाली तारीख घालून दुरुस्ती येईल. दोघं हसले. मीही हसले.

जेवण झाल्यावर काकूंनी मला बाराव्या फळीला पाणी घालायचा ड्रॉपर दिला. म्हणाल्या, माझी नजर हल्ली तितकीशी चांगली नाही, यापुढे या घरच्या कुंड्यांचं पाणीही तूच बघत जा, पातं तेवढं माझ्याकडे राहू दे.

मी तो घेतला. काय केलं मी. दोन्ही हातांनी घेतला.

शनिवार, ७ जून

अण्णांच्या डाव्या पायाची दोन बोटं काळी पडली आहेत. डॉक्टर येऊन गेले. साखर, रक्त पोचत नाही, या वयात होतं, असं म्हणाले. ड्रेसिंग रोज करायचं.

मी स्वतःला सांगितलं, बघ, साखर आहे. अण्णांना बारा वर्षं साखर आहे, तू आल्याला बारा दिवसही— नाही, वीस झाले. आकडासुद्धा माझ्या सोयीचा निघतो.

काकू डॉक्टरांना पोचवून परत आल्या त्या थेट काचघरात गेल्या. परत आल्या तेव्हा चेहरा निवळला होता. म्हणाल्या, कुंडी ठणठणीत आहे, काळजीचं कारण नाही.

मंगळवार, १० जून

आज सकाळी मगातल्या रोपाचं सगळ्यात खालचं काळं पान काढून टाकलं. निदान तेवढी घाण कमी होईल म्हणून. ओढलं नाही. डोलवलंही नाही. बोट लागताच ते आपोआप हातात आलं, मागे ओली जागा ठेवून.

दहा वाजता ड्रेसिंगच्या वेळी काकूंनी हाक मारली. बोळे घेऊन गेले. अण्णांच्या पायाचं धाकटं बोट पट्टीबरोबर—

अण्णा छताकडे बघत म्हणाले, दुखलं नाही हो, अजिबात दुखलं नाही.

मी बाहेर जाऊन नळाखाली हात धुतले. सकाळपासून तिसऱ्यांदा. आता त्या रोपाला मी हात लावणार नाही. आठ रांगा.

गुरुवार, १२ जून

डॉक्टर म्हणतात, पाय गुडघ्याखाली कापावा लागेल. आजच्या आज दवाखान्यात हलवा. उशीर केलात तर गुडघ्याच्या वर, आणि त्यानंतर काही सांगता येत नाही.

काकू म्हणाल्या, थांबू या. डॉक्टर चिडले. काकू त्यांना काय सांगणार? मला मात्र बाजूला घेऊन सांगितलं. अण्णांच्या कुंडीला काही झालेलं नाही, पानन् पान भरलेलं आहे, म्हणजे हे आपोआप उतरणार. उगीच म्हातारपणी पाय कशाला तोडायचा. तू रोज बघतेसच ना कुंडी, असं विचारलं.

मी म्हटलं, हो. रोज बघते.

सात रांगा.

शुक्रवार, १३ जून

सांगायला गेले होते. काकू माती चाळत होत्या. समोर उभी राहिले, काकू, अशी हाक मारली. त्यांनी वर पाहिलं. डोळे रडून सुजलेले, तरी माझ्याकडे बघून हसल्या.

मी म्हटलं, वाळू संपत आलीय.

त्या म्हणाल्या, तुझं लक्ष असतं म्हणून बरं आहे गं बाई.

सहा.

शनिवार, १४ जून

अण्णांना ताप आहे. खोलीत वास येतो. तो वास मला ओळखीचा आहे, माझ्या खोलीतही तोच येतो.

काकू गोळ्या आणायला गेल्या तेव्हा अण्णांनी मला त्यांची कुंडी आणायला सांगितली. आणली. पोटावर ठेवून घेतली, खूप वेळ पाहिली, एका पानावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, फार देखणं रोप आहे, दुरुस्तीबाई. माझं इतकं देखणं कधीच नव्हतं.

मी खाली बघत राहिले. ते वाट बघत होते. ते वाट बघत होते हे मला कळत होतं. शेवटी त्यांनी कुंडी परत दिली आणि म्हणाले, ठेव जागेवर. सूनबाईंना तूच सांग हो, मी नाही सांगायचो.

रागावले असते तर बरं झालं असतं.

पाच. आता रोज एक जाते.

रविवार, १५ जून

चार.

ताप उतरत नाही. काळेपणा मांडीपर्यंत— काकू फळीपाशी हात जोडून उभ्या असतात. माझ्या हातांनी लावलेल्या त्या— पाचव्या फळीवरच्या, विकाऊ—

आज तीनदा जिना उतरले. तो चहाचा मग हातात धरून. पहिल्यांदा काकू फोनवर होत्या. दुसऱ्यांदा त्या जेवायला बसल्या होत्या, चार दिवसांनी पहिला घास, वाटलं जेवू दे. तिसऱ्यांदा काहीच नव्हतं. त्या नुसत्या बसल्या होत्या. मी पाचव्या पायरीवरून परत फिरले.

मरणाची भीती वाटते असं लिहिणार होते. भीती नाही ही. त्यांचा हात माझ्या पाठीवर होता. तो हात त्या काढून घेतील, एवढंच. एवढ्यासाठी. एका माणसाच्या—

सोमवार, १६ जून

सकाळी मोजल्या. तीन. शेंडा हिरवा, टवटवीत.

काकू अजून कापू शकतात. तीन रांगा म्हणजे पुष्कळ झाल्या, एका रांगेवरही रुजतं, त्यांनीच शिकवलंय. आत्ता खाली जाऊन सांगितलं तर आत्ता कापतील. त्या परसात आहेत. पातं धुतल्याचा आवाज इथे ऐकू येतोय.

आज नको, डॉक्टर यायचे आहेत. उद्या काका पोचतील, घरात गडबड असेल. बुधवारी काकूंना दिवसभर दवाखान्याच्या कागदांसाठी फिरायचं आहे. दमलेल्या असतील.

अण्णा मला हाक मारताहेत. नावाने नाही, दुरुस्ती— आवाज खूप बारीक झाला आहे. मी दारापर्यंत गेले आणि—

सगळं सांगणार. पाणी, दोन पेले, पाचवी फळी, पडद्यामागचा मग. काहीही गाळणार नाही. दिवस पक्का ठरवला आहे, आता तो बदलायचा नाही. गुरुवार, १९ जून, सकाळी, काकू उठल्या की लगेच, त्या फळीपाशी जायच्या आधी मी त्यांना—